चित्र अडकत नसल्याची तक्रार

दोन हजार चौदा साली आमच्या टीव्हीचं चित्र अडकायला लागलं. साल माझ्या पक्कं लक्षात आहे. आदल्या वर्षी हे छापखान्यातून निवृत्त झाले आणि त्याच्या आदल्या वर्षी माझी धाकटी जाऊ गेली. आमच्या घरातल्या गोष्टी मी अशाच एकीला दुसरी टेकवून लक्षात ठेवते.

अडकायचं म्हणजे असं, की पडद्यावर एखादी बाई हसायला लागली की तिचं तोंड उघडं तसंच राहायचं. चेहऱ्याचे चौकोन व्हायचे, एखादा चौकोन कानाशी जाऊन बसायचा, आवाज तुटायचा. थोड्या वेळाने चित्र पुढे सरकायचं, तोवर बाई रडत असायची. का रडते ते कळायचं नाही. हे दुपारभर जुने कृष्णधवल सिनेमे पाहायचे. पाहायचे म्हणजे समोर बसायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांचं बोलणं कमी होत होत ‘हं’वर आलं होतं, आणि मला त्यात काही खटकत नव्हतं. दोन माणसांच्या घराला ‘हं’ पुरतं.

आमचं घर म्हणजे अर्धं घर. सासऱ्यांनी बांधलेलं बैठं घर होतं, पुढे एक मोठी खोली आणि मागे दोन्ही अंगांना झोपायच्या खोल्या. एका अंगाला आम्ही, दुसऱ्या अंगाला दीर, जाऊ, त्यांची मुलगी आणि सासूबाई. दिरांना घरात सगळे बारक्या म्हणायचे. चांगले उंचपुरे होते, दारातून वाकून यायचे, तरी बारक्याच. मी मात्र भाऊजी म्हणायची. आम्हाला मूल झालं नाही. पुतणी माझ्याच हातून जेवून मोठी झाली.

सासूबाई गेल्या त्या दिवशी मी माहेरी होते आणि हे दुसऱ्या पाळीला छापखान्यात. दुपारपासून सासूबाईंचं काही खरं नव्हतं. भाऊजींनी छापखान्यात फोन करायला हवा होता. तो केला नाही. त्यांचं म्हणणं, आईच म्हणाली, त्याला पाळी टाकायला लावू नकोस, येईल तेव्हा येईल. हे आले तेव्हा सासूबाईंच्या तोंडावर चादर होती. यांनी आरडाओरडा केला नाही. काढलेल्या चपला परत पायात घातल्या आणि म्हणाले, “मला बोलावलं नाहीस. आता तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही.”

पण एकाच घरात वेगळा उंबरा आणायचा कुठून? म्हणून भिंत बांधली.

भिंत पुढच्या खोलीच्या मधोमध आली. खिडकीचं एक दार आमच्याकडे राहिलं, एक त्यांच्याकडे गेलं. पंख्याची पाती भिंतीला लागायला लागली म्हणून पंखा उतरवला, आणि तो कुणाचा हे कुणीच न विचारल्यामुळे माळ्यावर पडून राहिला. विजेचं मीटर वेगळं झालं, पाण्याचा नळ वेगळा झाला, फाटकंसुद्धा दोन झाली. एक केबलची वायर तेवढी राहून गेली. ती आमच्या बाजूने घरात यायची, टीव्हीच्या मागे तिला दोन तोंडं फुटायची, एक आमच्या टीव्हीला आणि एक पलीकडे. गवंड्याने ती तशीच विटांमध्ये चिणली. त्याला कुणी काढ म्हटलं नाही, ठेव म्हटलं नाही.

जाऊ गेली तेव्हा हे त्यांच्या फाटकापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. भाऊजींनी आतून पाहिलं. हाक मारली नाही. हे परत आले आणि जेवायला बसले. मी आत जाऊन जावेला पाहून आले, पण तेव्हापासून पुतणी माझ्याशीही कामापुरतंच बोलायला लागली.

तर चित्र अडकायला लागलं आणि आम्ही केबलच्या ऑफिसात फोन केला. त्यांनी एक माणूस पाठवला. मागच्या खिशात पक्कड खोचलेली असायची म्हणून सगळी वस्ती त्याला पक्कडच म्हणायची. तिशीचा असेल. तोंडाची टकळी सतत चालू. पहिल्या खेपेला त्याने केबलच्या डब्याचं बटण बंद करून परत चालू केलं, पाठीमागची वायर पिळून घट्ट केली, आणि डब्यातलं कार्ड काढून स्वतःच्या सदऱ्याला पुसून परत घातलं. सदरा कार्डापेक्षा मळका होता. चित्र सुरळीत झालं. तो फाटकाबाहेर पडायचा अवकाश, परत अडकलं.

दुसऱ्या खेपेला त्याने डबाच बदलला. तिसऱ्या खेपेला म्हणाला की आभाळ भरून आलं की असं होतं. मी खिडकीतून पाहिलं, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. तो म्हणाला, इथलं नाही काकू, वरचं, जिथून सिग्नल येतो तिथलं आभाळ. रिमोटमधले सेलही बदलून पाहिले त्याने. तेव्हा हे बऱ्याच दिवसांनी एक आख्खं वाक्य बोलले. म्हणाले, “डबा बदललास, सेल बदललेस, आता मला बदलून बघ.”

पक्कड हसला आणि बहुधा लाजेपोटीच त्याने टीव्हीचं टेबल पुढे ओढलं. मागे धूळ, कोळ्याची जाळी आणि वायरीचं ते दुतोंडी जोडकाम. एक शेपूट भिंतीत गेलेलं त्याला दिसलं. त्याने ते हाताने पिळून सोडवलं. पडद्यावरची बाई एकदम चालायला लागली, बोलायला लागली, जिना उतरून खाली आली. परत जोडलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती थिजली.

“इथे आहे दुखणं,” पक्कड म्हणाला. “पलीकडे कोण राहतं?”

हे म्हणाले, “शेजारी.”

मी म्हटलं, “धाकटे भाऊ आहेत त्यांचे.”

पक्कडने एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुढचं सगळं तो भिंतीशी बोलला. पलीकडे कुणीतरी टीव्ही पुढच्या खोलीतून हलवून पार आत नेलेला दिसतोय. वायर लांबली की चित्र फिकं येतं, मग लोक दुकानातून एक बूस्टर आणून बसवतात, म्हणजे सिग्नल वाढवायची छोटी डबी. स्वस्तातली असली की ती त्यांना चित्र देते आणि सगळी घाण उलटी त्याच वायरीतून दुसऱ्याकडे पाठवते. त्यांनी टीव्ही लावला की बूस्टर चालू, तुमचं चित्र बंद. त्यांनी टीव्ही बंद केला की तुम्ही मोकळे. हे सांगताना त्याने ते शेपूट परत सोडवून हातात धरलं होतं. म्हणाला, आता हे असंच ठेवतो, तोडूनच टाकतो, कटकट मिटली.

हे खुर्चीतून उठले. “तिकडे आत्ता काय दिसत असेल?”

“काही नाही. काळा पडदा.”

“मग जोड ते.”

“काका, मग तुमचं अडकणार.”

“अडकू दे. जोड आधी.”

तुम्ही बरोबर आलात तर पलीकडे जाऊन बूस्टर काढून देतो, असंही तो म्हणाला. त्यावर हे म्हणाले की तिकडे काही बोलायचं नाही, आमची तक्रार नाही. पक्कडने शेपूट जोडलं, टेबल सरकवलं आणि चहा न घेता गेला.

टीव्ही आत का नेला, हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही. विचारायचं काय त्यात. माणूस उठून बाहेर येऊ शकत नसेल तर टीव्ही आत जातो. त्याआधी मी पुतणीला औषधांच्या पिशव्या घेऊन येताना पाहिलं होतं, आणि एकदा एक माणूस त्यांच्या फाटकातून चाकांची खुर्ची घेऊन गेला होता.

त्यानंतर यांचं टीव्ही पाहणं बदललं. सिनेमा कुठला आहे याकडे लक्ष नसायचं. सकाळी दाढी करून समोर बसायचे. पुतणी कामाला जाण्याआधी बापाला टीव्ही लावून द्यायची, त्या सुमाराला आमचं चित्र पहिल्यांदा अडकायचं. हे चहाचा कप उचलायचे. दुपारी मध्येच चित्र सुटायचं, तेव्हा हेही डोळे मिटायचे. मग परत अडकायचं. मी भाजी निवडत शेजारी बसायची. थिजलेली माणसं पाहायची सवय होते. एखादा नट हात वर करून तसाच राहिला तर मला आता बरंच वाटायचं, पुढे तो काय करणार आहे याची काळजी नसायची.

एकदा मी म्हटलं, जाऊन या की. तर म्हणाले, त्याने बोलवायला हवं. बोलावल्याशिवाय नाही. मी म्हटलं, ते अंथरुणात आहेत, बोलावणार कसे. त्यावर हं.

मग मी पुतणीला फाटकाशी गाठलं. भाऊजींचं कसं काय, विचारलं. तिने सांगितलं, छातीत पाणी होतं, आता डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हटलंय. घरीच ठेवा म्हणजे काय ते मला कळलं. मी म्हटलं, तू एकदा काकांना ये म्हण, तुझ्या शब्दावर येतील. तिने किल्ली कुलपातून काढली आणि सावकाश पिशवीत टाकली.

“काकू, पाय ठेवणार नाही हे ते म्हणाले होते. आम्ही नव्हतो म्हणालो. त्यांचा शब्द त्यांनी मोडावा. मी कशाला त्यांच्यासाठी मोडू?”

तिचं चुकलं असं मला वाटलं नाही. यांचंही चुकलं असं वाटलं नाही. त्या दिवसांत मला कुणाचंच काही वाटत नव्हतं. घरी आले आणि भाऊजींना काय झालंय ते सगळं यांना सांगितलं. छातीत पाणी, घरीच ठेवा. हे ऐकत होते. पडद्यावर एक घोडा पुढचे पाय उचलून उभा राहिला होता. यांनी एवढंच विचारलं की आई गेली तेव्हा तिला काय झालं होतं. मी म्हटलं, असंच काहीतरी. मग ते त्या घोड्याकडे पाहत राहिले. पुन्हा एकदा आपण उशिरा पोचणार, ही एकच भीती त्यांच्या चेहऱ्यावर मला त्या वर्षात दिसली. पण पाय उचलत नव्हता. घोड्याचाही नाही, यांचाही नाही.

आणि एका सकाळी चित्र अडकलंच नाही.

चहा झाला, दाढी झाली, सिनेमा सुरू झाला. बाई हसली, हसणं पुरं केलं, वळली, गाणं म्हणाली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. इतकं सरळ चित्र पाहायची आम्हाला सवय राहिली नव्हती. मी जेवायला वाढलं. हे ताटावर बसले आणि तसेच उठले. संध्याकाळपर्यंत एकदाही अडकलं नाही. पलीकडून काही हालचाल नाही, रडणं नाही, येणंजाणं नाही. पुतणी कामाला गेली आणि आली, तोंड नेहमीसारखंच. मी म्हटलं, मी विचारून येते. हे म्हणाले, थांब. दुसऱ्या सकाळीही चित्र वाहत्या पाण्यासारखं चाललं होतं.

तेव्हा यांनी फोन उचलला आणि केबलच्या ऑफिसात तक्रार नोंदवली. चित्र अडकत नाही, अशी.

तिकडच्या मुलीला ते समजेना. हे तिला परत परत तेच सांगत होते, शांतपणे, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवताना सांगायचे तसं. अडकायचं, आता अडकत नाही. कालपासून. माणूस पाठवा. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

पक्कड आला तो हसतच. म्हणाला, काका, एवढी वर्षं या धंद्यात आहे, पण चित्र चांगलं दिसतं म्हणून कुणी बोंब मारलेली पहिल्यांदाच ऐकतोय. त्याने डबा पाहिला, टेबल ओढलं, जोडकाम पाहिलं. सगळं जागच्या जागी. पलीकडचा बूस्टर बंद आहे, एवढंच.

“तिकडे जाऊन बघ,” हे म्हणाले.

पक्कडने डोकं हलवलं. ज्याची तक्रार त्याच्याच घरात शिरायचं, दुसऱ्याच्या दारात तक्रार नसताना जायचं नाही, असा ऑफिसचा नियम. मागे एकाने असंच केलं होतं आणि चोर समजून मार खाल्ला होता. पण तक्रारवाला स्वतः बरोबर असेल तर गोष्ट वेगळी. “तुम्ही चला पुढे,” तो म्हणाला, “मी मागून येतो.”

हे आतल्या खोलीत गेले. मग त्यांनी शर्ट बदलला. चपला घातल्या. आमचं फाटक उघडलं, त्यांचं फाटक उघडलं. मागे पक्कड, त्याच्यामागे मी. दार पुतणीने उघडलं, ती कामाला निघायच्या तयारीत होती. तिने यांच्याकडे पाहिलं.

हे म्हणाले, “चित्राची तक्रार होती.”

ती बाजूला झाली. यांनी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या, आणि उंबरा ओलांडला. पुढची खोली रिकामी होती. भिंतीचं हे अंग यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तिला निळा रंग दिला होता आणि त्यावर जावेचा फोटो होता. यांनी फोटोपुढे क्षणभर मान खाली घातली आणि आत गेले.

भाऊजी जिवंत होते. पलंगावर उशांना टेकून बसवले होते. एवढा उंच माणूस, पण पांघरुणाखाली फारसं काही नव्हतं. समोर टीव्ही होता, काळा, बंद. ते त्या काळ्या पडद्याकडे तोंड करून बसले होते. यांना पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला नाही, हात तेवढा पांघरुणावरून थोडा सरकला.

“टीव्ही का बंद ठेवलास, बारक्या?” हे म्हणाले.

“तुझं चित्र अडकतं म्हणे, दादा.”

“कोण म्हणालं?”

भाऊजींनी पक्कडकडे पाहिलं. पक्कडने जमिनीकडे पाहिलं. मग त्याने कबूल केलं की परवाच रिमोट बिघडला म्हणून इथून बोलावणं आलं होतं, तेव्हा बोलता बोलता तोंडातून निघून गेलं. त्याच्या तोंडात काही राहायचंच नाही.

“मग दिवसभर काय करतोस?” यांनी विचारलं.

“पडून असतो. म्हटलं, तू तरी सरळ बघ.”

हे पलंगाच्या कडेला बसले. खुर्ची होती, पण कडेलाच बसले. म्हणाले, “मला वाटलं, तू गेलास. परत मला न सांगता.”

“नाही,” भाऊजी म्हणाले. “अजून आहे.”

पुतणी दारात उभी होती. ती मागे वळून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडल्याचा आवाज आला. त्या दिवशी ती कामाला गेली नाही.

पक्कडने बूस्टर काढून खिशात टाकला. मग तो त्याच्या सायकलवरून जाडी वायर घेऊन आला, आणि दोन्हीकडे वेगळ्या वायरी ओढून दिल्या. काम अगदीच किरकोळ होतं. दुपारपर्यंत दोन्ही टीव्ही स्वच्छ चालायला लागले. जाताना त्याने मला हळूच विचारलं, तक्रार मिटली म्हणून लिहू ना? मी म्हटलं, लिही.

दुसऱ्या दिवसापासून हे दाढी करून तिकडे जायला लागले. तिकडे चित्र जास्त स्पष्ट दिसतं, असं मला सांगायचे. एकाच कंपनीचा डबा, तोच सिनेमा. मी हं म्हणायची. कधी मीही जाऊन बसायची. दोघे भाऊ पडद्याकडे पाहत. यांनी त्यांचं डोकं वर करून उशी नीट करावी, भाऊजींनी रिमोट यांच्या हातात द्यावा, एवढंच. सासूबाईंचा विषय कधीतरी निघेल म्हणून मी वाट पाहायची. निघाला नाही. एकदा भाऊजी म्हणाले, ही बाई गेल्या खेपेला इथेच थांबली होती. हे म्हणाले, आमच्याकडेही.

थंडी सरता सरता एका दुपारी हे घरी आले तेव्हा मी कपडे घड्या करत होते. चपला न काढताच दारात उभे राहिले.

“गेला,” म्हणाले. आणि मग, “मी तिथेच होतो.”

मी उठले, हातातला टॉवेल घडी करून ठेवला आणि त्यांच्याबरोबर गेले. पुतणी बापाच्या पायाशी बसली होती. तिने मला “काकू” म्हटलं, पूर्वी म्हणायची तसं. मी तिच्या शेजारी बसले. टीव्ही यांनीच बंद केला होता, असं ती म्हणाली.

पक्कड पुढे फार दिवस केबलमध्ये राहिला नाही. लोक मोबाइलवरच सगळं पाहायला लागले आणि ते ऑफिस बंद झालं. आता तो दुकानांना कॅमेरे बसवून देतो. पोट सुटलंय, दोन मुली आहेत, टकळी तशीच.

हे त्यानंतर पाच वर्षं जगले. टीव्ही पाहणं त्यांनी जवळपास सोडलंच. परसात टोमॅटो लावायचे आणि त्यांना काठ्या बांधायचे. शेवटी त्यांना विसरायला व्हायला लागलं, मला ते कधी आईच म्हणायचे. मी ओ द्यायची. गेले तेव्हा मी शेजारी होते आणि झोपलेली होते.

पुतणीची बदली दुसऱ्या गावी झाली. तिथे तिने ऑफिसातल्याच एका माणसाशी लग्न केलं, तिशी उलटल्यावर. नवरा तिच्यापेक्षा बुटका आहे आणि तिला त्यावरून चिडवलेलं आवडतं. त्यांचं अर्धं घर एका शिंप्याला भाड्याने दिलंय, त्याच्या मशीनचा आवाज दिवसभर येतो. सुट्टीत ती माझ्याकडे येऊन राहते. एकटं वाटतं का, विचारते. मी नाही म्हणते. ती म्हणते, खरं सांगा. मग मी तिला विचारते की रात्री जेवायला काय करायचं, आणि ती उठून डबे उघडून बघायला लागते.